खांबेटे मास्तरांची वाट

लोणावळ्यात जून ते सप्टेंबर छत्री हा माणसाचा एक अवयवच असतो. कोणी ती खांद्यावर टेकवून चालतो, कोणी वाऱ्याशी झुंजतो, कोणी शेजाऱ्याच्या छत्रीखाली फुकट घुसतो. पण उघडलेली छत्री उलटी करून, परातीसारखी हातात धरून, स्वतः भिजत चालणारा माणूस आमच्या गावात एकच होता. दुसऱ्या हातात वेताची काठी. रस्त्याकडेच्या झुडपाखाली छत्री धरायची, वरच्या फांदीवर काठीचे दोन हलके टोले द्यायचे आणि छत्रीत काय पडलं ते पाहायला आत डोकं घालायचं. अळ्या, भुंगे, कोळी, क्वचित सरड्याचं पिल्लू. पाहून झालं की सगळ्यांना परत त्याच झुडपावर पोचवायचं. हे खांबेटे मास्तर. हरी रघुनाथ खांबेटे, आमच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवायचे.

"अहो, निदान पावसात तरी सरळ धरा," असं मी पहिल्याच वर्षी त्यांना सुचवलं होतं.

"सरळ धरून काय मिळतं? कोरडेपणा. तो घरीही मिळतो," ते म्हणाले आणि घाणेरीच्या झुडपाकडे वळले.

मी त्याच शाळेत गणित शिकवत असे. आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये फक्त एक लाकडी पडदा होता. त्यामुळे त्यांच्या वर्गातलं सगळं मला ऐकू यायचं, आणि माझ्या वर्गातल्या पोरांचे कान कायम पलीकडे. खांबेट्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी त्यांच्या लेखी 'गणितवाले'. मी त्यांच्यावर चिडायचो, त्यांची टिंगल करायचो, शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करून फुकटचा चहा मिळवायचो. पण आज लिहायला बसलोय तो त्या नकला सांगायला नव्हे. माझ्या हातून या माणसाचं एक नुकसान झालं आणि ते मला भरून देता आलं नाही. ते सांगायचं तर आधी माणूस कळायला हवा.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. कोणी काहीही सांगितलं की चष्म्यावरून बघत विचारायचे, "पाहिलंत, की ऐकलंत?" हेडमास्तर रजेवर गेले. पाहिलंत, की ऐकलंत? घाटात दरड कोसळली. पाहिलंत, की ऐकलंत? कामशेतला नवा आंबेमोहोर आलाय, स्वस्त आहे. पाहिलंत, की ऐकलंत? एकदा वैतागून मी म्हटलं, "मास्तर, पृथ्वी गोल आहे हे तरी तुम्ही मानता का?"

त्यांनी थोडा विचार केला. "ऐकून आहे," ते म्हणाले.

हा रोग त्यांनी पोरांनाही लावला होता. एका वर्षी तपासणीला डेप्युटीसाहेब आले. त्यांनी खांबेट्यांच्या वर्गाला सोपा म्हणून प्रश्न टाकला, "सांगा पाहू, सिंह काय खातो?"

मग पहिल्या बाकावरचा एक जण उठला आणि अदबीने म्हणाला, "पाहिला न्हाई, सायेब."

"अरे, पुस्तकात आहे ना?"

"पुस्तकात हाय. पर ते ऐकीव."

साहेबांनी दुसऱ्याला उठवलं, तिसऱ्याला उठवलं. अख्ख्या वर्गात एकानेही सिंहाला घास भरवला नाही. पडद्याआड मी तोंडाला उपरणं लावून बसलो होतो. चिडलेल्या साहेबांनी जाता जाता विचारलं, "मग पाहिलंय तरी काय तुम्ही?" तर एकाने खेकडा म्हटलं, आणि खेकडीण पिल्लं पोटाखाली कशी धरते, तिचं बीळ कसं ओळखायचं, कात टाकल्यावर ती किती दिवस दडून बसते, हे सगळं पोरं एकमेकांच्या अंगावर पडून सांगू लागली. साहेबांची गाडी चुकली. तरी शेरेबुकात त्यांनी लिहिलंच, 'विद्यार्थ्यांचे सामान्यज्ञान शोचनीय.' हेडमास्तरांनी तो शेरा खांबेट्यांपुढे आपटला. खांबेट्यांनी तो दोनदा वाचला. "बरोबर आहे," ते म्हणाले, "त्यांनी पाहिलं तेच लिहिलंय."

शाळेच्या मागून गुराख्यांची एक पायवाट निघे. ओढा ओलांडून ती टेकडीच्या कुशीतल्या दाट रानातून वर पठारावर जाई. रान एका इनामदाराचं, पण वाट खांबेट्यांची असंच आम्ही समजत असू. दर शनिवारी ते एका वर्गाला तिकडे घेऊन जात. तिथे शिकवणं म्हणून नाहीच. एका पोराला एक झाड नेमून द्यायचं. त्याच्यापुढे तासभर बसायचं आणि वहीत लिहायचं. "माहीत असेल ते लिहायचं नाही, दिसेल ते लिहायचं," एवढीच आज्ञा. एका पोराने तासाभरात एकच ओळ लिहिली होती, 'झाडाला काही झाले नाही.' त्याला खांबेट्यांनी सर्वांत जास्त गुण दिले. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तो पूर्ण तास बसला होता."

स्वतः ते रोज सकाळी शाळेआधी त्या वाटेने पठारापर्यंत जाऊन येत. बगलेत एक जुना हजेरीपट. त्यात मुलांच्या नावांच्या जागी झाडांची नावं. आईन हजर, किंजळ हजर, कुंभा हजर, जांभूळ हजर. वादळात फांदी मोडली तर 'आजारी'. मी हेडमास्तरांना म्हटलं, या गृहस्थाला एक दिवस ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवावं लागणार. हेडमास्तर म्हणाले, निवृत्त होईपर्यंत थांबू.

एकदा तर ते तोंड सुजवून शाळेत आले. एक डोळा मिटलेला, ओठ वांग्याएवढा. झाडाच्या फांदीवर मुंग्यांनी घर केलं होतं आणि त्याच घरात एक सुतारपक्षी ये-जा करत होता. हे मास्तर अकरा सकाळी खाली उभे राहिले आणि बाराव्या दिवशी वर चढले. "अंडी आहेत हो गणितवाले! मुंग्यांच्या घरात अंडी!"

मी त्यांचाच प्रश्न त्यांना टाकला. "पाहिलंत, की ऐकलंत?"

"पाहिलं!" असं ओरडून त्यांनी मला सगळ्यांच्या देखत मिठी मारली. त्यांच्या कोटातल्या दोन-चार मुंग्या माझ्या सदऱ्यात आल्या. मी त्यांना आंघोळ करून यायला सांगितलं. एवढा आनंद झालेल्या माणसाला मला दुसरं काही म्हणता आलं नाही.

त्यांच्या कोटाच्या खिशात एक पक्कड असे. नाटक कंपन्यांचे, सर्कशींचे लोक रस्त्याकडेच्या झाडांना खिळे ठोकून जाहिराती लावत. खांबेटे ते खिळे उपसत हिंडायचे. त्यावरून एकदा बाजारात मारामारीची वेळ आली. मास्तर त्या सर्कशीच्या माणसाला शांतपणे म्हणाले, "तुझ्या पाठीत ठोकून बघू का? झाड ओरडत नाही म्हणून तू ठोकतोस." वाघाच्या पिंजऱ्यात जाणारा तो माणूस, पण आपली जाहिरात गुंडाळून निघून गेला.

त्या ठरलेल्या प्रश्नामागचं कारण मला फार उशिरा कळलं. खांबेटे बाजारामागे एका खोलीत एकटे राहत. आमच्या शाळेचा धोंडू शिपाई त्यांना दोन वेळचं जेवण पोचवत असे. एकदा मी त्याच्यापुढे त्या प्रश्नाची नक्कल केली. सगळे हसले, धोंडू हसला नाही. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "गुर्जी, ते नगा करू. मास्तरांची मंडळी साथीत गेली. बाळंतपणाला म्हायेरी व्हत्या. सासऱ्याचं पत्र आलतं, आता उतार हाय, काळजी नगं म्हून. हितं परीक्षा व्हत्या, मास्तर ऱ्हायलं. चार दिसांनी गेलं, तवा राख बी गार झालती. लेकरू बी न्हाई वाचलं. तवापासनं कुनी काय सांगितलं की इच्यारत्यात, पाहिलं का म्हून."

मी ती नक्कल बंद केली. पण इतकी वर्षं केली होती ती केलीच होती.

खांबेटे निवृत्त झाले ते ऐन लढाईच्या दिवसांत. सत्काराची बैठक भरली. शाल द्यायचं ठरत होतं, तर मास्तर म्हणाले, "शालीला कसर लागेल. कसरीच्या अभ्यासासाठी म्हणून देणार असाल तर घेतो." मग मुंबईला नोकरीत असलेल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचं पत्र आलं. त्यांची सूचना अशी की, त्या पायवाटेलाच मास्तरांचं नाव द्यावं. ओढ्यापाशी पाटी उभारावी आणि वाटेवरच्या निवडक झाडांवर त्यांची नावं लावावीत, म्हणजे पुढच्या पोरांना मास्तर नसतानाही वाट शिकवील. हे वाचून दाखवलं तेव्हा खांबेट्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला, आणि बैठक संपेपर्यंत पुसतच राहिले. इनामदारांनीही आनंदाने परवानगी दिली.

अडचण दोन गोष्टींची होती. लढाईमुळे नावांच्या पाट्यांना पत्रा मिळेना. आणि पत्रा मिळाला तरी झाडाला खिळा मारायला खांबेटे तयार होईनात. "माझ्या सत्कारासाठी खिळे? मग पहिला मला मारा." बैठक अडून बसली. तेव्हा मी उठलो. गणिताच्या मास्तराला आयुष्यात असा क्षण क्वचित लाभतो. मी म्हटलं, "पाट्या नकोत आणि खिळेही नकोत. झाडांवर रंगाने नुसते आकडे घालू. आकड्यांपुढे नावं लिहिलेली यादी शाळेत टांगू. एक म्हणजे आईन, दोन म्हणजे कुंभा."

टाळ्या पडल्या. आकडेही मीच घातले. पांढऱ्या तेलरंगाने, कित्त्यातल्यासारखे वळणदार. ओढा ओलांडला की एक, आणि पठाराच्या तोंडाशी बावीस. रंग सुकल्यावर मी खाली उभा राहून ते किती तरी वेळ बघत होतो. मला माझाच अभिमान वाटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

समारंभ झाला. पाटीवर लिहिलं होतं, 'खांबेटे मास्तरांची वाट'. हेडमास्तरांनी तासभर भाषण केलं. उत्तरादाखल खांबेटे एवढंच म्हणाले, "वाट गुरांनी पाडलेली आहे. मी त्यांच्या मागून गेलो." मग ते सगळ्यांना घेऊन वर निघाले. नऊ नंबरच्या किंजळापाशी थांबून त्यांनी मला विचारलं, "गणितवाले, हा इथला सर्वांत म्हातारा. याला पहिला नंबर नको होता का?"

"क्रम वाटेचा आहे मास्तर, वयाचा नाही."

"असं होय," ते म्हणाले आणि त्यांनी आकड्यावरून हात फिरवला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की आकडा त्यांना नीट दिसत नव्हता. डोळे बऱ्याच दिवसांपासून जात चालले होते. पौषात ते शस्त्रक्रियेसाठी पुण्याला पुतण्याकडे गेले.

माघात एके दिवशी वर्गात शिकवताना कुऱ्हाडींचे आवाज येऊ लागले. मला त्याचं काही वाटलं नाही. लढाईत कोळशाला भारी मागणी होती आणि ओढ्याच्या अलीकडचा उतार इनामदारांनी एका कोळशाच्या ठेकेदाराला विकला होता, हे गावात सर्वांना ठाऊक होतं. शनिवारी दुपारी फिरत फिरत मी ओढ्यापर्यंत गेलो. अलीकडचा उतार भादरलेला होता. मी ओढा ओलांडला, आणि पलीकडेही आभाळच दिसू लागलं.

माझा एक नंबरचा आईन आडवा पडला होता. आकडा वरच्या बाजूला, जसाच्या तसा. दोन आडवा. तीन आडवा. मी धावत वर गेलो. नऊ नंबरच्या ओंडक्यावर बसून ठेकेदाराचा मुकादम हुसेनभाऊ भाकरी खात होता. कामशेतकडचा, पन्नाशीचा, साधा माणूस.

"ही झाडं कोणी तोडायला सांगितली?" मी ओरडलो.

"नंबर व्हतं की, गुर्जी."

"ते नंबर आम्ही घातले होते!"

"तुमी?" त्याने भाकरी फडक्यात ठेवली. "आवो, इकल्याल्या झाडावर मालकाचा कारकून नंबर घालतो. नंबर असंल ते तोडायचं, नसंल त्याला हात लावायचा न्हाई, ही आमची रीत. वढ्याच्या अलीकडं चुन्याचं नंबर, एकशे चाळीसपातुर. पल्याड आलो तर पुन्ना एकपासनं. मला वाटलं, दुसरं रान सुरू झालं. आन् आकडं बी कसं झ्याक! कारकुनाचं असं येत न्हाईत. म्हटलं, कुनी तरी शिकल्याल्या मानसानं घातल्यात, म्हंजी काम पक्कं."

"खाली एवढी पाटी आहे मास्तरांच्या नावाची!"

"पाटी दिसली. पर वाचाया कुटं येतंय? मला निस्तं आकडं समजत्यात."

बावीसपैकी तीनच उभी होती. उंबर होता, कारण उंबराला कोणी कुऱ्हाड लावत नाही. पांगारा आणि सावर होते, कारण त्यांचा कोळसा होत नाही. बाकी एकोणीस झाडं दोन दिवसांत गेली होती, आणि त्यांच्यावर खूण मी केली होती. हकीगत सांगितल्यावर हुसेनभाऊने डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं. "लय वंगाळ झालं," एवढंच तो म्हणाला. त्याचा काय दोष होता? मी त्याला रागावूही शकलो नाही.

शस्त्रक्रिया फसल्याचं पुण्याहून कळलं. हेडमास्तरांनी सगळ्यांना ताकीद दिली, की डोळे गेलेल्या माणसाला हे कोणी सांगायचं नाही. चैत्रात खांबेटे परत आले. पुतण्या राहा म्हणत होता, पण ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी मी धीर करून त्यांच्या खोलीवर गेलो. काळा चष्मा लावून ते खाटेवर बसले होते. आयुष्यभर ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवलेला माणूस, त्याला आता फक्त कान उरले होते.

"गणितवाले ना? पाय घासता तुम्ही, म्हणून ओळखलं," ते म्हणाले. "एक काम कराल का? संध्याकाळी तुम्ही फिरायला जाताच. आमच्या वाटेने जाऊन या आणि काय दिसलं ते मला येऊन सांगत जा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितलं, "सगळं ठीक आहे."

"ठीक? ठीक असं काही दिसत नाही हो. काय दिसलं ते सांगा."

झाली का पंचाईत! बावीस वर्षांत मी झाडाकडे कधी पाहिलं नव्हतं. थाप मारायची तरी माहिती लागते. आणि त्या वाटेवर पाय टाकण्याची तर माझी छाती नव्हती. मग मी रेल्वेच्या पलीकडच्या टेकडीवर जाऊ लागलो. तिथे एक किंजळ धरला, त्याच्यापुढे बसलो आणि दिसेल ते वहीत लिहू लागलो. मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबून म्हणाली, "काय करताय गुर्जी?" मी म्हटलं, किंजळ बघतोय. ती इतकी हसली की मोळी खाली ठेवावी लागली. "ह्यो आईन हाय! साल बगा की त्याची, सुसरीवानी."

असा मी वयाच्या पन्नासाव्या वर्षी शिकलो, खोटं बोलता यावं म्हणून. आईनाची नवी पालवी तांबूस असते हे पाहिलं. अंजनीच्या फांद्या निळ्या फुलांनी भरतात हे पाहिलं. रोज संध्याकाळी जाऊन मी खांबेट्यांना सांगायचो, आणि ते मान एका बाजूला करून ऐकायचे.

"पाहिलंत?"

"पाहिलं," मी म्हणायचो, आणि ते खरंच असायचं. फक्त झाड दुसरं होतं. खरं सांगायचं तर मला त्या सांगण्याची गोडी लागली होती. पण खोलीबाहेर पडलं की स्वतःची किळस येई.

कधी कधी ते मधेच विचारत, "बुंध्याशी पाहिलंत का? सगळे वरच बघतात."

"बुंध्याशी काय असणार मास्तर, पाचोळा."

"बरं," ते म्हणायचे.

श्रावणात एकदा त्यांनी विचारलं, "शेळ्या येतात का हो तिकडे?"

"येतात की. शेळ्या कुठे येत नाहीत?" मी सहज म्हटलं. दुसऱ्या दिवशी धोंडू म्हणाला, मास्तर रात्री जेवले नाहीत. मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

भाद्रपदात त्यांना ताप भरला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो, तेव्हा आवाज पार खोल गेला होता. "गणितवाले, अजून काही दिसलं असेल तर सांगा," ते म्हणाले. मी सांगितलं, आईनाला पंखांची फळं धरलीत, उंच शेंड्यापर्यंत. "छान," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. पहाटे धोंडू बोलवायला आला.

कार्तिकात कोळशाचा हंगाम पुन्हा सुरू झाला, तेव्हा हुसेनभाऊ शाळेत मला शोधत आला. पावसाळाभर तो पवनेकडे होता. मास्तर गेल्याचं त्याला बाजारात कळलं होतं.

"मी गेलतो त्यांच्याकडं," तो म्हणाला. "ते पुन्यासनं आलं, त्याच्या दुसऱ्याच दिशी. मला ऱ्हावंना. पाय धरलं आन् समदं सांगितलं."

मी बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी. म्हणजे मी जाण्याच्या आदल्या दिवशी.

"मंग इच्यारलं, कुराड कुटं घातली, गुडघ्याला का मुळाला? म्हटलं मुळाला, पार जिमिनीलगत. तर म्हनलं, मंग फुटतील. शेळ्यांपासनं जप तेवढं. मी एकेका खोडाला काट्याचं कुंपन घातलं, धा दिस लागलं."

"मग मला का नाही सांगितलंत, हुसेनभाऊ?"

"त्यांनी आन घातली. म्हनलं, नंबर गणितवाल्यांच्या हातचं हाईत, मला ठावं हाय. त्ये मनाला लावून घेत्याल. त्यास्नी मी वाटंवर धाडतो, फुटवं त्यांचं त्यास्नीच दिसू दे, म्हंजी त्यांचं मन हलकं हुईल. त्येच येऊन मला सांगत्याल. दुसऱ्याकडनं मला ऐकायचं न्हाई." त्याने माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं न्हवं तुमी त्यास्नी? कवा फुटलं?"

ते सहा महिने रोज संध्याकाळी वाट बघत होते आणि मी रोज त्यांना दुसऱ्याच टेकडीवरची झाडं दाखवत होतो. मी एकदा, फक्त एकदा ओढा ओलांडला असता तरी पुरलं असतं.

हुसेनभाऊबरोबर मी वर गेलो. प्रत्येक खोडाभोवती काटेरी कुंपण होतं आणि एकाही कुंपणातून शेळी आत शिरली नव्हती. एक नंबरच्या आईनाला सात फुटवे होते. सर्वांत उंच फुटवा माझ्या कमरेला लागत होता. नऊच्या किंजळाला उशिरा फुटलेले दिसत होते, पण होते. मी गुडघे टेकून बुंध्याशी वाकलो आणि एकोणीसही खोडं एकेक करून पाहिली. हुसेनभाऊ मुंडासं हातात घेऊन मागे उभा होता.

अंधार पडायच्या आत खाली आलो. पाय सवयीने बाजारामागच्या खोलीकडे वळले. दार उघडंच होतं. नवा भाडेकरू कंदिलाची काच पुसत बसला होता.

"कोण पाहिजे?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि घरी आलो.